दादाचा उजवा खांदा

माझा थोरला भाऊ पंचवीस वर्षं हर्णैला मच्छीमार बोटीवर खलाशी होता. जाळं ओढायचं, बर्फाने भरलेले क्रेट उचलायचे, हेच काम. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मासेमारी बंद झाली, तेव्हा वहिनीचा फोन आला.

"ताई, यांना शर्ट घालता येत नाही. मीच घालते. तुम्हाला कळू देऊ नको म्हणालेत."

मी दादाला कर्वेनगरला आमच्याकडे बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा गेला. उजवा खांद्याच्या रेषेत येऊन अडकला.

"दुखतंय का?"

"नाही," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

वर्षानुवर्षं ओढून ओढून खांद्याचा स्नायू फाटला होता, सांधाही झिजला होता. "जाळं ओढणं बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"आता ते काम पुन्हा नाही करायचं."

दादाने मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र मला विचारलं, "ऑपरेशन केलं तर?" ते मी आधीच विचारून ठेवलं होतं. दुखणं कमी होईल, बोटीवरचं काम होणार नाही, असं उत्तर मिळालं होतं. मी त्याला ते तसंच सांगितलं.

व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू वर चढायचं. हात पोचेल तिथे तो पेन्सिलने खूण करायचा. मी शाळेतून शिकवून परतले की सांगायचा, "आज वर गेलो." तीन आठवडे खुणा वर सरकत होत्या. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तो टाचा उचलून खूण करत होता. मी पुन्हा ओट्याकडे वळले.

ऑगस्टमध्ये बोटी निघायच्या आधी त्याने तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, फोन केला. गॅलरीत उभा होता.

"झालाय बरा खांदा. येतो मी." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "चांगला माणूस आहे तो. घ्या त्याला."

आत येऊन त्याने चहा मागितला.

गावी परत जायला तो तयार नव्हता. माझ्या यजमानांनी ओळखीतून वाघोलीच्या एका सोसायटीत गेटवर काम मिळवून दिलं. गेट बटणावर उघडतं. पहिल्या रविवारी भेटायला गेले, तर गणवेशाचा शर्ट दोन मापं मोठा.

"बदलून घे की," मी म्हटलं.

"मुद्दाम ढगळ मागितला. एकट्याला घालता येतो."

यंदा नारळी पौर्णिमेला वहिनीने त्याला गावी बोलावलं. सगळं बंदर त्या दिवशी समुद्राला नारळ द्यायला जमतं. दादाने रजा मिळत नाही म्हणून कळवलं. मला वाटलं, आपण शब्द टाकून बघावा. वहिनीला तसं सांगून मी सोसायटीत सुपरवायझरना गाठलं.

"अहो, मीच त्यांना म्हटलं होतं, चार दिवस जाऊन या," ते म्हणाले. "नको म्हणाले."

दादा पलीकडे एका गाडीचा नंबर वहीत उतरवत होता. मी त्याच्यापाशी गेले, डबा दिला, घरची खुशाली सांगितली आणि बस पकडली. वाटेत वहिनीचा फोन आला.

"काय म्हणाले साहेब?"

"नाही मिळत रजा," मी म्हटलं.