हमीदभाईंच्या रेडिओवरची हजेरी

हमीदभाई गेल्याचं सायराभाभींनी बुधवारी दुपारी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "तरीच रविवारी ते हजर म्हणाले नाहीत." नवरा गेलेल्या बाईला असं कुणी बोलतं का? पण भाभी शांतपणे म्हणाल्या, "मैंने भी सुना था, ताई. किचनमध्ये होते मी. वाटलं, विसरले असतील..."

ही हजेरी काय, ते आधी सांगायला हवं. हमीदभाई रत्नागिरीकडचे, इथे आखातात अल क्वोजच्या एका पॅकिंगच्या गोदामात स्टोअरकीपर. मालकाची परवानगी घेऊन त्यांनी मागच्या खोलीत इंटरनेटवर चालणारा मराठी रेडिओ काढला. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या, एक माइक, एक लॅपटॉप आणि म्हाताऱ्यासारखा खोकणारा एसी. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी दोन तास. एक सोनार जाहिरात द्यायला तयार होता, तर हमीदभाई त्याला म्हणाले, "हबीबी, माणसांची नावं घेताना मध्येच सोन्याचा भाव सांगू काय?" सोनार चहा पिऊन गेला. त्यानंतर जाहिरातीचा विषय खलास.

मी ऊद मेथाच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझा नवरा अविनाश याच्या ओळखीने मी तिथे गेले आणि बातम्या वाचायला लागले. सुरुवातीला ऐकणारे किती, तर लॅपटॉपवर आकडा दिसायचा तीन. त्यातला एक अविनाश, एक सायराभाभी आणि एक खुद्द हमीदभाईंचाच मोबाइल. मी चेष्टा केली, "एवढ्यांची तर वर्गात हजेरीसुद्धा घेत नाहीत." ते गंभीरपणे म्हणाले, "मग घेऊ या." दुसऱ्या आठवड्यात मी शाळेतलं एक कोरं हजेरीपुस्तक नेऊन दिलं. माझ्या एका थट्टेची किंमत मला एवढी मोजावी लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पद्धत अशी. ऐकणाऱ्याने एकदा नाव कळवायचं. कार्यक्रमाच्या शेवटी हमीदभाई एकेक नाव वाचत आणि प्रत्येक नावानंतर थांबत. ऐकणारा जिथे असेल तिथे, कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत, ओट्यापाशी, गाडीत, मोठ्याने "हजर" म्हणे. सगळ्यात आधी ते स्वतःचं नाव घेत आणि स्वतःच उत्तर देत. "हमीद. हजर." मास्तराने आधी आपली हजेरी लावावी, असं त्यांचं म्हणणं. मग पुस्तकात प्रत्येकापुढे 'ह' लिहीत. न ऐकता कसं लिहिता, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी माइक जोडलेल्या साउंड मिक्सरवरच्या हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवलं. माइकपाशी आवाज झाला की हे दिवे चढतात. नाव घेऊन ते थांबले की दिवा खरंच किंचित हलायचा. "एसीमुळे हलतं ते," मी म्हटलं. "असेल," ते म्हणाले आणि 'ह' लिहिला.

अविनाश तेव्हा अबुधाबीत नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशीही त्याची ड्यूटी असायची, तो गाडी चालवताना ऐकायचा. त्याचा दिवा नेहमी उशिरा हलायचा, पुढचं नाव घ्यायच्या अगदी बेतात. घरी आल्यावर तो सांगायचा, "वळणावर होतो गं, म्हणून जरा वेळ लागला." मी हसायचे. माझ्या अंगावर काटा यायचा, तो मी कुणाला दाखवला नाही.

एकदा सलीम नावाच्या वेल्डरचं नाव घेऊन हमीदभाई थांबले. पुन्हा नाव घेतलं. पुन्हा थांबले... आणि चालू माइकवर म्हणाले, "सलीमच्या खोलीजवळ कोण हाय? यल्ला, बघा जाऊन." शेजारच्या खोलीतला माणूस धावला. सलीम बाथरूममध्ये बेशुद्ध पडला होता. तो वाचला, आजही ठणठणीत आहे. मी हमीदभाईंना खोदून खोदून विचारलं. "तो हजर नाय बोलला," एवढंच उत्तर. जणू मीच काहीतरी वेडगळ विचारत होते.

तीन वर्षांपूर्वी अविनाश गेला. हृदयविकाराचा झटका, तोही अबुधाबीतच. पुढच्या रविवारी मी घरी फोनवर रेडिओ ऐकत होते. हमीदभाईंनी त्याचं नाव घेतलं आणि थांबले. नेहमीसारखेच, तेवढाच वेळ. माझी मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मम्मा, प्लीज टर्न इट ऑफ." मी तशीच उठून अल क्वोजला गेले आणि त्यांना नको नको ते बोलले. गेलेल्या माणसाला हाका कसल्या मारता? नाव खोडा. ते मान खाली घालून ऐकत राहिले. म्हणाले, "तुमी सांगता तर वाचणार नाय, ताई." खोडतो, असं ते म्हणाले नाहीत हे मला आत्ता कळतंय. मी पुन्हा तिथे पाऊल ठेवलं नाही. ऐकत मात्र राहिले. अविनाशचं नाव असायचं त्या जागी ते जरा जास्त थांबतात असं मला वाटायचं, आणि पान उलटत असतील, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

गेल्या आठवड्यात सायराभाभींनी खोलीची किल्ली आणि हजेरीपुस्तक माझ्या हातात ठेवलं. "तुमच्या शाळेचंच आहे," म्हणाल्या. मी आधी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या रविवारच्या रकान्यात, हमीदभाईंच्या स्वतःच्या नावासमोर, त्यांच्याच वळणदार अक्षरात 'गै' होतं. गैरहजर. जाण्याच्या तीन दिवस आधी. मग मी अविनाशची ओळ शोधली. नाव खोडलेलं नव्हतं. तीन वर्षांच्या प्रत्येक रविवारी त्याच्यापुढे 'ह' होता. न वाचलेल्या नावापाशी तो माणूस दर आठवड्याला थांबत होता, आणि मी त्याच्याशी साधं बोलायलाही गेले नव्हते. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

परवाच्या रविवारी मी त्यांच्या खुर्चीत बसले. विज्ञानाची बाई आहे मी, म्हणून आधी एसीचं बटण बंद केलं, पंखाही बंद केला. दार लावलं. दिवे अगदी खाली, स्थिर होते. म्हटलं, "हमीदभाई." नाव पुरतं संपायच्या आत दिवा हलला. माझाच आवाज असेल, असं मी मनाशी म्हटलं. पुढची नावं घेत गेले. मग त्याचं नाव आलं. तीन वर्षांत ते मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"अविनाश."

थांबले. खोलीत घामाने जीव नकोसा झाला होता. दिवे तळाशीच. मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. काही झालं नाही. नाहीच होणार, मी स्वतःला म्हटलं, आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं...

तेव्हा दिवा चढला. पुढचं नाव घ्यायच्या अगदी बेतात.

मी पेन उचललं आणि 'ह' लिहिला.