नमिताच्या छातीत वाजलं ते

आधीच सांगते, मी नर्स आहे. भूतखेत, अंगात येणं असलं काही कुणी बोलायला लागलं की मी उठून जाते. सासूबाई मला दगडाच्या काळजाची म्हणायच्या. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही... हसतील लोक.

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी मूळची गडहिंग्लजची. नवरा खाणीवर लागला म्हणून आम्ही गोव्यात साखळीला आलो, आणि महिन्याभरात मी तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम धरलं. चतुर्थी होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला सर्वण गावची एक बाई तिच्या तीन वर्षांच्या मुलीला, नमिताला, घेऊन आली. खोकला हटत नव्हता. श्वासाला सूं सूं आवाज.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "चेडवान तोंडात कितें घातलें? माटोळीचें बी?"

चेडू म्हणजे पोरगी. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं, शेंगा बांधून टांगतात, ती माटोळी. तिच्यातलं बी श्वासनळीत गेलेलं एखादं पोर दरवर्षी येतंच, असं डॉक्टर म्हणायचे.

"ना वो दोतोर," आई म्हणाली. "आमचे मांव चवथीच्या आठ दीस आदीं गेले. सुतक. अवंदू माटोळी बांदूंकच ना."

मांव म्हणजे सासरे, अवंदू म्हणजे यंदा. संपलं! माटोळीच नाही तर बी कुठलं? डॉक्टरांनी बाळदम्याचं औषध लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी नमिताला झबलं घालत होते. ती रडत होती, म्हणून तिला रमवायला मी टेबलावरचा स्टेथोस्कोप कानाला लावला आणि तिच्या उजव्या कुशीवर टेकवला.

आत पैंजण वाजत होतं. श्वास आत — छुम्. श्वास बाहेर — छुम्. छातीतली घुरघुर मी शेकडो पोरांची ऐकली आहे. ही ती नव्हतीच!

"डॉक्टर, हिच्या छातीत पैंजण वाजतंय!" मी ओरडलेच.

डॉक्टर वैतागून आले. त्यांना काही वाजलेलं ऐकू आलं नाही. पण ते पुन्हा पुन्हा डावीकडे, उजवीकडे ऐकत राहिले. "उजवे वटेन वारोच वचना," ते हळूच म्हणाले. उजवीकडे हवाच जात नव्हती.

नमिताच्या आईने माझा हात धरला. "पैंजण न्हय गे बाय... घागऱ्यो," ती म्हणाली. घागरी म्हणजे माटोळीला बांधायची सुकी शेंग, हलवली की खुळखुळते. सासरे दरवर्षी रानातून आणायचे. मागच्या वर्षीचा एक घोस त्यांनी खुंटीला ठेवला होता. नात रडली की तिच्या कानाशी वाजवायचे. ते गेल्यापासून पोरगी तो घोस सोडत नव्हती. चावायचीसुद्धा. डॉक्टरांनी विचारलं यंदाच्या माटोळीचं, आणि तिने सांगितलंही तेवढंच.

त्याच दुपारी पणजीला मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून उजव्या फुफ्फुसाच्या वाटेतलं बी काढलं. फुगलेलं, एकच. पोरगी वाचली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढे तिच्या आईने मला एक घागरी आणून दिली. वाजवून बघितली... तोच आवाज! शेंग फोडली तर आत वीसेक बिया. नळीत रुतलेलं एकटं बी वाजेल कसं?

"तुका भास जालो," डॉक्टर म्हणाले. असेल. पण त्या दिवसापर्यंत मी घागरी कधी पाहिली नव्हती, ऐकली नव्हती. मग मला तिचाच भास कसा झाला?