पडघानबाईंचे पायांचे कागद

डॉ. अंजना पडघान यांच्याबद्दल मला खरं तर फार थोडं ठाऊक आहे. त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं कंपाउंडर होतो, पण त्यांची आई हयात होती की नाही, हेसुद्धा मला कळलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या भाचीचं पत्र आलं. मावशी गेल्या, त्यांच्या खेड्यातल्या नोकरीच्या दिवसांबद्दल दोन पानं लिहून द्या, असं तिने कळवलं. त्या दवाखान्यातलं आता दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो. काही चुकलं असेल तर भाचीने दुरुस्त करून घ्यावं.

बाई १९७३ साली आमच्या दवाखान्यात आल्या. आमचं गाव मंगरूळपीरपासून सहा मैलांवर. तेव्हा जिल्हा अकोला होता. त्यांचे वडील पुंजाजी वाशीमला रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या. एवढं त्यांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. दवाखान्यात त्या माझ्याशी वऱ्हाडीत बोलायच्या आणि रजिस्टरात इंग्रजीत लिहायच्या.

त्यांचं लक्ष सगळं माणसांच्या पायांकडे असायचं. आमच्या भागात महारोगाचे बरेच पेशंट होते. या रोगात पायाची जाण जाते. काटा रुतला तरी समजत नाही, चपलेतला खिळा टोचत राहिला तरी समजत नाही, आणि मग तळव्याला जखम होते ती वर्षानुवर्षं भरत नाही. मी पट्टी बांधायचो, आठ दिवसांनी तोच माणूस तशीच जखम घेऊन यायचा. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटत नव्हतं. बाई मात्र पेशंटचा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ पाहत बसायच्या.

लोकांना ते आवडायचं नाही. डॉक्टरने, त्यातून बाईने, आपले पाय धरायचे म्हणजे पाप, असं म्हातारी माणसं समजत. जानराव नावाचा एक पेशंट होता. तो बाईंच्या हातातून पाय ओढून घ्यायचा.

“बाई, तुमी माह्ये पाय धरता. हे मी कोठी फेडू?”

“धरून नाई राह्यली जानराव, पाहून राह्यली,” बाई म्हणाल्या. “तुमचे पाय धरले तर तुमी आशीर्वाद द्याल, आन मले पायजे जखमेचा पत्ता. थे सांगा.”

पाय ओढून घेण्यामागे काहींच्या मनात दुसरंही काही होतं, ते मी लिहायला हवं. बाईंच्या हातची सुई सगळ्यांना चालायची. त्यांच्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी मात्र काही जण पीत नसत. बाई त्याबद्दल बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

वजन पायाच्या कोणत्या भागावर जास्त पडतं हे कळलं, तर जखम कुठे होणार हे आधीच कळेल, असा बाईंचा विचार होता. त्यासाठी त्या पेशंटच्या पावलांचे ठसे घ्यायच्या. सुरुवातीला शाईच्या पॅडवर घेतले, पण ऑफिसातली शाई संपली आणि वरून पुरवठा होईना. मग त्यांनी एरंडेलात कुंकू कालवलं, रबरी कापडावर ते पसरलं, पेशंटला त्यावर पाय ठेवायला लावून पुढच्या कागदावर चालवलं. वजन जिथे जास्त, तिथे ठसा गडद. कागद म्हणजे मलेरियाचे जुने तक्ते, जाडजूड, एका बाजूने कोरे. कोऱ्या बाजूला लाल पाऊल यायचं, छापील बाजूला कोपऱ्यात मी पेन्सिलीने नंबर आणि तारीख लिहायचो. मग बाई मंगरूळपीरच्या चांभाराकडून त्या माणसाच्या मापाची चप्पल करून घ्यायच्या, आत जुन्या ट्यूबच्या रबराची गादी. सहा महिन्यांनी पुन्हा ठसा. सोळा पेशंट, बत्तीस कागद. पोहरादेवीकडचा सेवालाल म्हणून होता, त्याची चार वर्षांची जखम भरली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या बाई काहीतरी वेगळं करून राहिल्या आहेत.

हेच नीट शिकावं म्हणून त्यांना पदव्युत्तर प्रवेश हवा होता. आता ऐकतो की परदेशात पायांच्या उपचाराची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी असते. तेव्हा इकडच्या डॉक्टरला ते शिकायचं तर नागपूरला हाडांच्या विभागात जागा मिळवावी लागे. सरकारी नोकरीतल्यांसाठी जागा एकच, आणि वय तिशीच्या आत हवं. बाईंनी दोनदा मुलाखत दिली होती. पहिल्या वेळी एकाने विचारलं, बाईमाणसाला हाडं कशाला, बाळंतपणाचा विषय घ्या. दुसऱ्या वेळी विचारलं, खेड्यात बसून तुम्ही पायांवर काम केलं म्हणता, त्याचा पुरावा काय? १९७६ ची ती तिसरी आणि शेवटची वेळ होती. पुढच्या साली वय सरत होतं. पुरावा म्हणजे ते बत्तीस कागद.

मुलाखती त्या वर्षी भादव्यापर्यंत लांबल्या. तीन दिवस आधी बाईंनी गठ्ठा माझ्या हाती दिला आणि नंबराप्रमाणे लावून आणा म्हणाल्या. माझं अक्षर बरं होतं, म्हणून प्रत्येक कागदावर नाव आणि गावही लिहायचं होतं. मी गठ्ठा घरी नेला, कोनाड्यात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी लसीच्या कामाला खेड्यांवर गेलो. जाताना बायकोला सांगायला हवं होतं की हे काय आहे. सांगितलं नाही. महारोग्यांच्या पायांचे कागद घरात आणले म्हणून ती बोलेल, याची भीती वाटली.

त्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या. आम्ही माळी, भाजीपाल्याचे. आमच्या घरी महालक्ष्म्या आजोबांपासून. दारापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची आणि त्या पावलांनी लक्ष्मीला आत आणायचं, ही रीत.

संध्याकाळी घरी आलो. उंबरठ्यापाशीच थांबलो. सारवलेल्या जमिनीवर उंबरठ्यापासून मखरापर्यंत दोन रांगांत बत्तीस कागद खळीने चिकटवलेले होते. लाल, ठसठशीत पावलं. लक्ष्म्या आत बसलेल्या होत्या आणि माझी बायको, सीताबाई, माझ्याकडे कधी नव्हे ते कौतुकाने पाहत होती. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमाले आठोन राह्यली, बाजारातून तयार पावलं आनली.

मुलाखत परवा सकाळी. बाई उद्या दोनच्या एस.टी.ने निघणार. आणि लक्ष्म्या तीन दिवस बसतात. त्या बसलेल्या असताना त्यांच्या वाटेची पावलं उचलायची म्हणजे त्यांना घालवून देणं. हे कोणत्या तोंडाने बायकोला सांगायचं, आणि ही पावलं कोणाची, हे तर त्याहून कठीण. मी जेवलो आणि गप्प बसलो.

सकाळी दवाखान्यात जाऊन मात्र बाईंना सांगितलं. मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चला, घर दाखवा.”

तीन वर्षांत मी त्यांना एकदाही घरी बोलावलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या माझ्या पुढे चालल्या होत्या आणि मी मागून वाट सांगत होतो.

त्या दारात आल्या, आत नजर टाकली आणि हसायलाच लागल्या. हसताना डोळे पुसत होत्या, त्यामुळे ते निव्वळ हसू होतं का, मला सांगता येणार नाही. मग उंबरठ्याबाहेर चपला काढून उकिडव्या बसल्या आणि पहिल्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, “हा जानराव. अंगठ्याखाली पाहा.” पुढचा, “हा सेवालाल, चप्पल द्याच्या आंधीचा.”

सीताबाई मखरापाशी उभी होती. कोन जानराव, तिने विचारलं. मी सांगितलं. काय रोग, तेही सांगितलं. बाई आज नागपूरला कशासाठी जाणार, तेही. एवढं सलग मी बायकोशी लग्नानंतर बोललो नसेन.

ती आधी माझ्यावर घसरली. “तोंड काय देवानं निस्तं खायाले देलं का तुमाले? काल नाई सांगता आलं?” मग बाईंकडे वळून विचारलं, या पावलाइच्या कागदावर तुमचा नंबर लागते काय.

“लागला तर यावरच लागंन, वहिनी,” बाई म्हणाल्या. “पन तुमचा सन हाय. उचला म्हनून मी नाई म्हननार.”

सीताबाईने मखराकडे पाहिलं, मग कागदांकडे. आमच्या घरात देवाधर्माचं तीच ठरवत आली.

“थे आली ना आत? बसली ना?” ती म्हणाली. “मंग पावलाचं काम झालं. आनल्यावर कोनी वाट सांभाळत बसते काय?” आणि माझ्याकडे वळून, “उभे काय राह्यले? पानी आना.”

ओल्या फडक्याने कागद भिजवायचे आणि कडेने उलथनं सरकवत उचलायचे, असं काम चाललं. मलेरियाचे तक्ते जाड होते म्हणून वाचले. दोन कोपरे फाटले, पावलं सगळी शाबूत. एरंडेलातलं कुंकू पाण्याने हललं नाही. पण पाठीमागे खळ आणि शेण, माझे पेन्सिलीचे नंबर एकूण एक गेलेले. मी पुन्हा घाबरलो. बाईंनी एकेक कागद उजेडात धरला, ठसा पाहिला आणि नाव, गाव, महिना सांगत गेल्या. मी पुढच्या बाजूलाच शाईने लिहीत गेलो. बत्तीसपैकी एकाही कागदापाशी त्या अडल्या नाहीत. चेहरा समोर असूनही मी पेशंटची नावं विसरायचो, आणि त्या पायांवरून सांगत होत्या.

कागद अंगणात वाळेपर्यंत सीताबाईने त्यांना आत बसवलं आणि वाढलं. आंबील, पुरणपोळी, आमच्याच वाडीतल्या सोळा भाज्या. बाई नको म्हणत होत्या, गाडी चुकेल म्हणत होत्या. सीताबाई म्हणाली, लक्ष्म्याच्या दिवशी आल्या, उपाशी कशा जासान. बाई घाईत जेवल्या. पाणीही आमच्याच घरचं प्यायल्या आणि तांब्या सीताबाईने नेहमीच्या तांब्यांबरोबर घासायला ठेवला. मी ते पाहिलं.

मुलाखतीचं बाईंनी परत आल्यावर थोडक्यात सांगितलं. गठ्ठा टेबलावर ठेवताच शेणाचा वास आला. पांढऱ्या केसांच्या एका डॉक्टरांनी कागद उलटा करून विचारलं, हे काय? बाईंनी खरं ते सांगून टाकलं, महालक्ष्म्यांसकट. दोघे-तिघे हसले. ते डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदांवरची नावं हाताने झाकून मधूनच एकेक समोर धरला आणि विचारलं, याला जखम कुठे झाली असेल? बाई सांगत गेल्या. असे अकरा कागद झाले. मग त्यांनी विचारलं, गादीला रबर कोणतं वापरलं? बाई म्हणाल्या, सायकलच्या ट्यूबचं. ते म्हणाले, पातळ पडत असेल, दोन थर चिकटवून पाहा. तेव्हाच बाईंना वाटलं, झालं असावं.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला. तो फोडण्याआधी त्यांनी मला दार लावायला सांगितलं. आतलं पत्र वाचलं, खुर्चीवर बसल्या आणि टेबलावर डोकं टेकवलं. मी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला. डोकं वर न करताच त्या म्हणाल्या, “भेटली जागा, भगवंतराव.” मीही स्टुलावर बसलो. कागद घरी नेल्या दिवसापासून छातीवर जे ओझं होतं ते उतरलं, आणि मला एकदम भूकच लागली. घरी जाऊन सांगितलं तर सीताबाई म्हणाली, भेटनारच होती, आन डब्यातले लाडू काढले.

बाई दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात गेल्या. नागपूरनंतर त्या दक्षिणेकडे कुठल्याशा महारोगाच्या दवाखान्यात लागल्या आणि शेवटपर्यंत पायांचंच काम करत राहिल्या, हे मला भाचीच्या पत्रातून समजलं. आमची पुन्हा भेट झाली नाही. त्यांनी दोन दिवाळ्यांना कार्ड पाठवलं. काय लिहावं हे न सुचल्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

जायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक घेऊन स्टँडवर गेलो होतो. ट्रंक टपावर चढवली, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. काहीतरी चांगलं बोलावं असं मनात होतं, म्हणून गाडीच्या मागच्या अंगाला उभा राहून जुळवाजुळव करत होतो. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“भगवंतराव, जरा बाजूले व्हा. गाडी मांगं येऊन राह्यली.”

“हो, झालो बाई.”