मशीनवाल्या आत्यांचा तास

तुमच्या घरात शिवणाचं मशीन आहे ना? मग जागेवरून न उठता सांगा, त्याच्या सुईला दोरा ओवायचं नेढं कुठे असतं, वर की खाली टोकाशी? अडखळलात. अडखळा, त्यात लाज नाही. लाज कशात आहे ते सांगायला बसले आहे.

आमचा एक गट आहे. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांची अकरा घरं. दर मंगळवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मुलं जमतात आणि पालक आळीपाळीने शिकवतात. नियम कडक: सहा महिन्यांत प्रत्येक घराने निदान एक तास शिकवायचा, नाहीतर त्या घराची जागा यादीत ताटकळणाऱ्या पुढच्या घराला. नोंदवहीत दोन रकाने आहेत, ‘शिकवणे’ आणि ‘मदत’. मदतीत तुम्ही कंबरडं मोडून घेतलंत तरी ती या नियमात धरत नाहीत.

आत्या या गटातल्या. खरं तर एकाच मुलीच्या आत्या, पण आता सगळ्यांच्याच. भाची दहा वर्षांची, आत्यांकडेच राहते. आजारपणात तिची दीड वर्ष शाळा बुडाली. परत गेली तर तिला दोन इयत्ता खाली, चिल्ल्यापिल्ल्यांत बसवलं. पोरीने बोलणंच टाकलं. आत्यांनी तिला शाळेतून काढलं आणि आमच्याकडे आणलं. इथे ती आधी एका मैत्रिणीशी बोलली, मग दोघींशी, आणि आता तिला जरा गप्प बस म्हणावं लागतं. तिचा आठवडा मंगळवारपासून सुरू होतो आणि मंगळवारीच संपतो. तोच मंगळवार आता तिच्या हातून काढून घ्यायचं चाललंय.

आत्या सोळाव्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यात लागल्या. चाळीस मशीनची लाइन आणि दुरुस्तीला एक मेकॅनिक. मशीन बिघडलं की काम अडायचं आणि बोलणी शिवणाऱ्या बाईला. म्हणून आत्या जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन मेकॅनिकच्या पाठीशी उभ्या राहायच्या.

“काय बघतेस गं?”

“तुमचे हात.”

“लग्नाला उभी आहेस की काय?”

“तुमच्या हातांना विचारून सांगते.”

दोन वर्षांनी तो महिनाभर रजेवर गेला, तर आत्यांनी अख्खी लाइन चालू ठेवली. पुढे त्याची जागा रिकामी झाली, ती सुपरवायझरच्या मेहुण्याला मिळाली. त्याला पाना धरायलाही आत्यांनीच शिकवलं. मग एक दिवस पाना खाली ठेवला आणि बाहेर पडल्या. तेव्हापासून घरोघर मशीन दुरुस्त करतात. चपला काढता काढता आवाजावरून सांगतात, “टाका सोडतंय ना? सुई उलटी बसवलीये तुम्ही.”

अशा बाईला आमच्या गटाने काय दिलं? खुर्च्या मांडणं. चहा. केर. पंखा कुरकुरला तर पंखा. त्यांनी तीनदा तास मागितला, तीनदा ‘बघू’ झालं. मीही तिथेच होते आणि तीनदा गप्प बसले, हे आपणहून सांगते, म्हणजे टोमणा मारायची तसदी कोणी घ्यायला नको.

शेवटी प्रसिद्ध शोधकांच्या दिवशी त्यांना वीस मिनिटं मिळाली. वेळापत्रक प्रोजेक्टरवाल्या सरांच्या हातात. तेही पालकच, पण आवाज मुख्याध्यापकाचा. मुलांनी एकेक शोधक निवडून त्याच्या यंत्राची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली होती, सरांनी छापून दिलेल्या नमुन्यावरून. आत्या बारा किलोचं हातमशीन लेकरासारखं कडेवर घेऊन जिना चढल्या. बघतात तर टेबलावर पुठ्ठ्याची तीन शिवणयंत्रं आणि पडद्यावर चौथं. चारही सुयांचं नेढं वरच्या टोकाला, हातसुईला असतं तसं.

“सर, हे मशीन शिवणार नाही.”

“आत्या, प्रतिकृती आहे ती. प्रतीकात्मक.”

“मग टाकाही प्रतीकात्मकच पडेल. वरचं टोक तर मशीनने धरून ठेवलेलं असतं. दोरा कापडाखाली जाणार कसा, जिन्याने?”

मुलं हसली. सरांचा चेहरा आंबला. “मुलांच्या उत्साहावर विरजण घालू नका.”

“उत्साह राहू दे. मी सुईबद्दल बोलतेय.”

आणि त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं. वर लाल दोरा, खाली बॉबिनमध्ये काळा. झाकणपट्टी सरकवली आणि एकेका मुलाला म्हणाल्या, “हँडल फिरव, पण मुंगीच्या चालीने.” सुई खाली गेली. वर यायला लागताच नेढ्याशी लाल दोऱ्याचा इवलासा फास झाला आणि खाली बॉबिन घेऊन फिरणाऱ्या शटलच्या टोकाने तो झटकन पकडला. मुलांची डोकी एकमेकांवर आपटली. आत्या म्हणाल्या, “किती जणांनी वर्षानुवर्षं हाताची नक्कल करणारं मशीन बनवायचा खटाटोप केला. अडत होतं तिथेच. नेढं टोकाशी आणलं तेव्हा गाडी पुढे सरकली.” मागच्या मुलांना दिसेना, तर भाचीच स्टुलावर चढून त्यांना सांगायला लागली: आता फास होतोय, आता पकडला, आता काळा त्यातून गेला. वीस मिनिटांची पन्नास झाली. कोणी पाणी प्यायलाही उठलं नाही. तिघांनी आपणहून आपल्या पुठ्ठ्याच्या सुया काढून नव्या कापल्या.

पुढच्या मंगळवारी वही उघडली. सरांच्या सुवाच्य अक्षरात, मदतीच्या रकान्यात: ‘यंत्र आणणे व हाताळणे.’ शिकवण्याच्या रकान्यात त्या दिवशीचं एकच नाव, सरांचं. खाली टीप: आत्यांच्या घराचा तास झालेला नाही, पहिल्या तारखेपासून जागा पुढच्या घराला.

आत्यांनी ते दोनदा वाचलं. “पन्नास मिनिटं मी काय करत होते, सर?”

“तुम्ही छानच मदत केलीत. पण शिकवणं म्हणजे... विषयाचं रीतसर शिक्षण लागतं ना.”

“चूक कोणाच्या चित्रात होती?”

सर चष्मा पुसायला लागले. एका ताईंनी मध्ये पडून सुचवलं, भाचीकडे बघून सवलत देऊ या. आत्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “सवलत नकोय मला. झालेल्या तासाची नोंद हवी आहे.” आणि खुर्च्या तशाच मांडलेल्या ठेवून त्या भाचीला घेऊन जिना उतरल्या. खुर्च्या उचलायला त्या नाहीत म्हटल्यावर आम्ही दहा घरं एकमेकांची तोंडं बघत उभी.

रीतसर शिक्षण म्हणे. माझंही नाही. पण कोण शिकवतंय आणि कोण नुसती बटणं दाबतंय एवढं मला कळतं, आणि त्या दिवशी मुलांनाही कळलं.

मी भांडले तेव्हा प्रकरण बैठकीत आलं. बैठक येत्या रविवारी सकाळी अकराला, त्याच खोलीत, एका घराला एक मत, हात वर करून. आत्यांचं घर धरायचं नाही, असंही ठरवलंय, कारण मामला त्यांचाच. राहिली दहा. सरांच्या बाजूला चार आहेत, मी मोजलेत. तुमचं घर उरलेल्यांत असेल तर काम सांगू नका, पाहुणे सांगू नका. रविवारी या, आणि आत्यांचा तास ‘शिकवणे’ या रकान्यात लिहायला हात वर करा.