गंगेच्या काठी म्हणजे कुठे?

पुण्यात कसब्यात आमचं जिनगरांचं घर. माझे यजमान फौजेबरोबर जीन-लगाम दुरुस्त करायला उत्तरेत, हिंदुस्थानात गेले, त्याला दोन पावसाळे उलटले होते. फौज परतली, आळीतले दोघे परतले, हे आले नाहीत. सासूबाई रोज एक भाकरी जास्त थापायच्या आणि कोणी काही बोलायच्या आत ती गाईला घालून यायच्या.

एके सकाळी एक गोसावी दारात उभा राहिला.

"जिनगराचं घर हेच ना? तुमचा माणूस जिवंत आहे. पाय मोडलाय. गंगेच्या काठी एका गावात पडून आहे. न्यायला या म्हणाला. आणि येताना त्याची आरी अन् मेणाचा दोरा आणा."

सासूबाई उंबऱ्यावरच बसल्या. मामंजींनी गावाचं नाव विचारलं, पण गोसाव्याला ते ठाऊक नव्हतं. त्यालाही हा निरोप आळंदीत दुसऱ्या एका गोसाव्याने सांगितला होता, आणि तो केव्हाच पुढच्या वाटेला लागला होता.

गंगेच्या काठी! घरात आनंद झाला आणि लगेच गोंधळही. धाकटे दीर म्हणाले, दादा काशीकडेच राहिला असणार. मामंजी शेजारच्या कारकुनांकडे गेले. ते लेखणी खाली न ठेवताच म्हणाले, "आमच्या कागदांत गंगा लिहिली की ती गोदावरी. काशी कशाला शोधता? नाशकापासून पैठणापर्यंत काठ धरून विचारत जा." मग भटजींना विचारलं. ते हसले. "मी तर रोज आंघोळीच्या घंगाळालाही गंगा म्हणतो. माझ्या सांगण्यावर निघालात तर न्हाणीघरातच शोधावं लागेल."

मामंजींनी गोदावरी ठरवली. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून मी दशम्या करायला बसले. आरी आणि दोरा पडशीत घालायला काढले होते. कातडं टोचायच्या त्या आरीची मूठ त्यांच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालेली. ती हातात घेतली आणि मनात आलं, पाय मोडून दूरदेशी पडलेला माणूस घरून आरी का मागवेल? तिथे काय आऱ्या मिळत नाहीत? ज्याला घर हाकेवर वाटतं, तोच आपलं हत्यार मागवतो.

आणि मग माझं माहेर आठवलं. मांजरीच्या पुढे, मुळामुठेच्या काठी. पुण्यात जिला सगळे मुठा म्हणतात, ती संगमावर मुळेला मिळून आमच्या गावावरून वाहते. तिथे मात्र नुसतं मुळामुठा म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. आई कळशी उचलताना म्हणायची, "गंगंवर जाऊन येते." पीक आलं की गंगेची ओटी भरायची. लहानपणी मला वाटायचं, जगात गंगा एकच आहे आणि ती आमच्या दारातून जाते.

मामंजींशी मी कधी थेट बोलत नसे. पण त्या दिवशी मी दाराआडून म्हणाले, "सासूबाई, त्यांना सांगा, आधी खालच्या काठाला बघावं. आमच्याकडे मुळामुठेलाच गंगा म्हणतात." आणि आरीचंही सांगितलं.

सासूबाई ते बाहेर सांगायला गेल्या. मग मामंजींचा आवाज आला, "सूनबाईंना आरीवरून नदी कळली. ठीक आहे. दोन दिवसांत गोदावरी आटणार नाही. बैलगाडी जुंपा. आणि त्यांनाही बरोबर घ्या, वाटेतली बोली त्यांना कळते."

आम्ही संगमाखालचा काठ धरला. प्रत्येक पाणवठ्यावर मी उतरायची आणि बायकांना विचारायची. दोन गावांत माना हलल्या. तिसऱ्या गावात धुणं धुणारी एक म्हातारी म्हणाली, "पाय मोडलेला जिनगर? चावडीत हाय की! आमच्या पाटलाच्या घोडीचं जीन उसवून बसलाय, अन् शिवायला आरी न्हाई म्हणतो."

मी गाडीची वाट पाहिली नाही. पळत गेले.

ते भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. नगरच्या वाटेने येताना ते तुकडीच्या मागे राहिले होते. ओढ्यात घोडं घसरलं, पाय मोडला, वर ताप चढला. शुद्धीवर आल्यावर पुण्याकडे निघालेल्या एका गोसाव्याजवळ त्यांनी निरोप दिला होता; गावाचं नाव वाटेत गळलं आणि तिथल्या लोकांची 'गंगा' तेवढी आमच्यापर्यंत पोचली. "हाड बसेपर्यंत हलायचं नाही," असा वैदूचा हुकूम होता. महिना झाला तरी घरून कोणी का येत नाही, हे त्यांना कळेना.

मला पाहून ते भिंतीपासून सरकून ताठ बसले. मग म्हणाले, "आरी आणलीस?"

मी हसले आणि तशीच रडले. मागून मामंजी आले. त्यांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

ते पाटलाचं जीन पुरं झाल्याशिवाय हलले नाहीत. महिनाभर त्या घरची भाकरी खाल्ली होती, काम अर्धं टाकून कसं निघायचं? आम्हीही दोन दिवस राहिलो. मी दोरा ओढून मेण लावत होते, ते शिवत होते. पाय वाकडाच जुळला. फौजेबरोबर जाणं संपलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं दुःख झालं नाही.

पुढच्या चैत्रात त्यांनी ओसरीवरच दुकान मांडलं. पहिलं काम आलं ते एका नव्या शिंगराच्या लगामाचं. सकाळच्या उन्हात कातडं मापता मापता त्यांनी मला हाक मारली. "जरा हे टोक धर."