जमीलभाईंनी राखलेली झोप

सायखेड्याच्या जमीलभाई बागवानांनी उभ्या जन्मात पोपटांना जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या दुसऱ्या कुणाला दिल्या नसतील. आणि दिल्या त्या हक्कानं. बागवानाचं काम असं असतं, की पेरूचा बहार झाडावर असतानाच विकत घ्यायचा आणि तोडणी संपेपर्यंत बागेतच खोपी टाकून राखण करायची. झाडं मालकाची, फळ बागवानाचं. पोपटानं पेरू खाल्ला म्हणजे जमीलभाईंच्या ताटातला खाल्ला. त्यातून पोपट काही पोटापुरतं खाणारा गडी नव्हे. एक चोच इथं, एक चोच तिथं, असं करत सबंध फांदी उष्टी करून जातो आणि वर जाताना हसल्यासारखा ओरडतो.

चाळीस वर्षं जमीलभाई गोफण घेऊन या चोरांच्या मागं होते. त्यामुळं झालं काय, की चोरांचं सगळं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ. फटफटलं की पहिला थवा यायचा. उन्हं चढली की पानांत बसून डुलक्या. दिवस कलला की पुन्हा धाड, आणि ती सगळ्यात मोठी, कारण झोपायच्या आधी पोट तट्ट भरून घ्यायचं असतं. मग गोदेकाठच्या चिंचेवर सगळी जमायची, जागेवरून कडाकडा भांडायची, आणि भांडता भांडता एकदम गप्प. ती गप्प झाली की जमीलभाई गोफण खुंटीला लावायचे आणि मगरिबच्या नमाजाला उभे राहायचे. एकदा मशिदीतलं घड्याळ बंद पडलं, तर चार दिवस लोकांनी जमीलभाईंना विचारून वेळ पाळली.

पण राखण तिथं संपायची नाही. दिवेलागणीनंतर माणसांची राखण सुरू. तिथं त्यांचा कायदा एकच: अंधार पडला की बागेत कुणी पाय टाकायचा नाही. बागेच्या मालकानंही नाही. एकदा खुद्द रंगनाथ पाटील, ज्यांची ती झाडं, ते पाव्हण्यांना बाग दाखवायला सांजच्याला आत शिरले. गोफणीचा दगड सणसणत आला आणि पाटलांच्या बुटापुढं वीतभर अंतरावर मातीत रुतला. पाव्हणे पळाले. पाटील सकाळी खोपीवर आले आणि म्हणाले, "जमील, तुझा नेम चुकला म्हणून वाचलो रे."

जमीलभाई चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "चुकला नाय मालक. चुकवला."

असा हा माणूस. पुढं गुडघे गेले, खोपीतली उठबस होईना, तेव्हा मुलानं, हुजैफानं, त्यांना आणि त्यांच्या बायकोला, जुलेखाचाचींना, नाशकात आणलं. वडाळा-पाथर्डी रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. एक बेडरूम, ती हुजैफा आणि सून तबस्सुमची. म्हातारा-म्हातारी हॉलमध्ये. हॉलमध्येच टीव्ही, तबस्सुमचं शिलाई मशीन, आणि खिडकीजवळ पिंजरा. पिंजऱ्यात कोण? पोपट!

तबस्सुमच्या भावानं, ओझरच्या इरफाननं, तो आणून दिलेला. विलायती जातीचा, पावतीसकट. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, गालाला कुंकवासारखा केशरी ठिपका. तबस्सुमनं नाव ठेवलं नवाब. जमीलभाईंनी पहिल्या दिवशी चष्मा पुसून त्याला वरून खालून न्याहाळला.

"हा पोपट? ना हिरवा रंग, ना गळ्याला पट्टा. चोच तेवढी वाकडी." मग जरा थांबून म्हणाले, "पण डोळा चोराचाच हाय." आणि त्या दिवसापासून त्याला चोरच म्हणू लागले.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण दोनेक महिन्यांत चोराचं बिनसलं. दिवसा फुगून बसायचा, हात लावला की चावायचा, संध्याकाळ झाली की किंचाळायचा. मग छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागला. बोटभर जागा उघडी पडली. तबस्सुम त्याला पाखरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की रोग काही नाही, झोप नाही. याला रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते.

हुजैफानं ते ऐकून कपाळाला हात लावला. तो अंबडला कंपनीत, पहिल्या पाळीला पहाटेच निघायचा. "बारा तास? या घरात सहा तास तरी कोण झोपतं? साडेअकरापर्यंत टीव्ही, त्यानंतर हिचं मशीन. तब्बू, त्याचेही हाल आणि आपलेही. मी इरफानला फोन केलाय. पंधरा दिवसांनी रविवारी येईल आणि घेऊन जाईल. त्यानं पुढं कुणालाही द्यावा."

 तबस्सुमचं मशीन थांबलं. सासरी आल्यापासून स्वतःचं म्हणावं असं त्या पोरीकडं ते मशीन आणि हा पक्षी, एवढंच होतं.

जमीलभाई खाटेवरून म्हणाले, "त्याला झोपवता येतं."

"अब्बा, तुम्हाला पोपटातलं काय कळतं? तुम्ही तर आयुष्यभर त्यांना दगड मारले."

झालं! म्हाताऱ्याच्या अंगात वीज शिरली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"दगड मारले म्हणूनच कळतं! तुझ्या डॉक्टरनं पुस्तकात वाचलं असंल, मी झाडाखाली बसून बघितलंय. कधी निजतो, काय खाऊन निजतो, कुठल्या फांदीवर निजतो. त्या रविवारपर्यंत ह्या चोराची झोप मी राखायला घेतली. नाय झोपला तर खुशाल दे. पण तवर या हॉलमध्ये माझा कायदा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दिवस बुडाला की टीव्ही बंद, लाईट बंद, मशीन बंद."

जुलेखाचाची तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अजी, चाळीस वर्षं खोपीत तुमच्याबरोबर जागले. मला नाही कधी विचारलं, जुलेखा झोप लागली का म्हणून."

"तू कधी पिसं उपटली नाहीस."

"माझ्या डोक्याकडं बघा जरा," असं म्हणून चाचींनी पदर सरकवला आणि विरळ झालेले केस दाखवले. हुजैफालासुद्धा हसू आवरेना. तेवढ्या हसण्यात जमीलभाईंनी होकार धरून टाकला.

पहिल्या संध्याकाळीच गोंधळ झाला. पिंजरा झाकायचं ठरलं, तर तबस्सुमनं प्रेमानं आपल्याकडचं सगळ्यात भारी कापड काढलं. लग्नाच्या घागऱ्यातून उरलेलं, टिकल्या जडवलेलं. पिंजऱ्यावर टाकलं मात्र, रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप त्यावर पडून लखलखायला लागली, आणि आत चोर असा फडफडला, की पिसं हॉलभर.

जमीलभाईंनी ते कापड ओढून काढलं, हातात धरून पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "अगं बेटी, अशीच चमकी मी पोपट पळवायला झाडाझाडाला बांधायचो! त्याच्या उशाशी तू बुजगावणं उभं केलंस!"

"मी तर माझ्याकडचं सगळ्यात चांगलं दिलं होतं, अब्बा." तबस्सुमचा चेहरा एवढासा झाला.

"तुला काय ठाऊक? आता ठाऊक झालं ना?"

त्यांनी आपली जुनी, धुऊन मऊ झालेली लुंगी पिंजऱ्यावर घातली. तीन बाजू झाकल्या, एक वाऱ्याला उघडी ठेवली. पिंजरा खिडकीपासून उचलून आतल्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून ठेवला, कारण पाठ उघडी टाकून कुठलंच पाखरू निजत नाही. बसायची काठी वरच्या अंगाला बांधली. दिवस कलताना बाजरीचं कणीस दिलं, पोट भरल्याशिवाय चोर घरी जात नाही म्हणून. दूर मोरीपाशी झिरोचा बल्ब ठेवला, म्हणजे दचकला तरी आपण कुठं आहोत ते त्याला दिसावं. आणि सगळं रोज त्याच वेळेला, त्याच क्रमानं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी चूक झाली, आणि ती जमीलभाईंचीच. दिवस बुडाला, त्यांनी लुंगी टाकली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून आरोळी निघाली, "हाऽऽ हुर्रर्रऽऽ!" पोपटांच्या राखणीतून सुटताना ते शेजारच्या बागेतल्या वाल्मीकला अशी हाळी द्यायचे. चोर काठीवरून धपकन खाली. खालच्या मजल्यावरचे महेश कुलकर्णी धावत वर आले, चोर शिरला का म्हणून.

"शिरलेला नाय, पडलाय," जमीलभाई ओशाळून म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आरोळी सोडली आणि जिभेनं हलकेच टक, टक, टक असं वाजवायला सुरुवात केली. आठव्या दिवशी तो आवाज ऐकताच चोर आपणहून वरच्या काठीवर चढला, एक पाय पोटात ओढला, आणि चोच चोचीवर घासत डोळे मिटले. तबस्सुमला वाटलं, त्याला काही दुखतंय.

"नाय गं. झोप आली की ते अशीच चोच घासतात. चिंचेखाली बसलं की शंभर चोचींचा आवाज यायचा. पान कुरतडल्यागत." म्हाताऱ्याचा आवाज हे सांगताना इतका मऊ झाला, की जुलेखाचाचींनी वळून पाहिलं.

घराचं मात्र गाडं बिघडलं. जेवणं उजेडातच उरकायची. टीव्ही बेडरूममध्ये गेला, तोही बारीक आवाजात. तबस्सुमनं मशीन उजाडल्यावर धरलं. हुजैफा रोज कुरकुरायचा, आणि शेवटी शनिवार उजाडला. उद्या इरफान येणार, आणि आज संध्याकाळी मोठी मॅच. हुजैफाचे कंपनीतले दोन मित्र, गोरक्ष आणि योगेश, पाहायला येणार होते.

"अब्बा, आजचा एक दिवस. बेडरूममध्ये मित्रांना कुठं बसवू? टीव्ही हॉलमध्ये आणतो."

"नाय."

"एक दिवसानं काय होतंय?"

"एकच दिवस म्हणून राखण सोडली की त्याच दिवशी बाग जाते."

"घर माझं आहे, अब्बा."

हे बोलून गेल्यावर हुजैफालाच चुकल्यासारखं झालं. पण शब्द गेला तो गेला. जमीलभाईंनी दिवस बुडायच्या आधी कणीस दिलं, लुंगी टाकली, टक टक टक केलं. मग ट्रंकेतून जुनी गोफण काढली, स्टूल उचललं, आणि फ्लॅटच्या दाराबाहेर, उंबऱ्याला अडवून बसले.

गोरक्ष आणि योगेश वेफर्सची पाकिटं घेऊन जिना चढून आले. दारात म्हातारा, मांडीवर गोफण.

"चाचा, काय झालं?"

"हळू बोला. आत चोर झोपलाय."

"चोर? मग पोलिसांना..."

"चोराचीच राखण करतोय. दिवेलागण झाली. आता आत कुणी नाय."

हुजैफा रागानं लाल होऊन आतून आला. "अब्बा, लोक हसतील!"

"हसू दे. बागेच्या मालकालासुद्धा मी अंधारात आत घेतला नव्हता. घर तुझं हाय, कबूल. झाडंबी रंगनाथ पाटलाची होती. पण राखायला घेतलेली चीज राखणदाराची असते. उद्या चोराला द्यायचा तर दे. आजची रात्र माझी हाय, आणि आज तो झोपणार!"

 गोरक्षच शेवटी पायरीवर बसला, खिशातून मोबाइल काढला आणि भिंतीला टेकवला. "बस की हुजैफा. इथं वारा पण येतोय." योगेश बसला. महेश कुलकर्णी भांडण ऐकायला वर आले होते, तेही बसले. हुजैफा थोडा वेळ उभाच राहिला, आणि मग बापाच्या स्टुलाखालच्या पायरीवर टेकला. आतून तबस्सुमनं दार किलकिलं करून चहाचे कप बाहेर सरकवले.

मॅच रंगत गेली. शेवटच्या षटकात चेंडू सीमेपार गेला आणि योगेश हात वर करून ओरडणार, तोच हुजैफानं झडप घालून त्याचं तोंड दाबलं.

"हळू, गाढवा! तो उठेल ना!"

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. वर पाहिलं. जमीलभाई समोरच्या भिंतीकडे बघत होते, मिशीतल्या मिशीत हसत.

रविवारी सकाळी तबस्सुमनं लुंगी काढली. चोर काठीवर ताणून आळस देत होता, आधी एक पंख आणि पाय, मग दुसरा. छातीवरच्या उघड्या जागेत कणसाच्या तुसासारखे बारीक कोंब फुटले होते. ती नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. हुजैफा वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं फोन लावला.

"इरफान, पक्षी न्यायला येऊ नकोस. नुसता जेवायला ये." थोडं थांबून म्हणाला, "पण दिवस बुडायच्या आत ये बाबा. नंतर आमच्याकडे आत घेत नाहीत."

"अब्बा, आता तरी त्याला नवाब म्हणा," तबस्सुम म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

जमीलभाई पिंजऱ्याच्या तारांतून पेरूची फोड आत सरकवत होते. जन्मात पहिल्यांदाच, आपल्या हातानं.

"चोर तो चोर," ते म्हणाले. "खा रे, हरामखोरा."