मधला स्पीकर

आमच्या होम थिएटरचा मधला स्पीकर तीन आठवडे मुका होता. ते तीन आठवडे आठवले की अजूनही मला माझाच राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

गाझियाबादला तेव्हा आम्ही नवे होतो आणि आमच्या बाजूचं गाझियाबादही नवं होतं. शेतात टॉवर उभे राहत होते. बिल्डरने माहितीपत्रकात छापलेला पोहण्याचा तलाव अजून खड्डाच होता आणि पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबत. वीज दिवसातून चारदा जायची. पण मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं होतं, मॉल उघडत होते, आणि पुण्याहून निघून तिशीतच स्वतःचा फ्लॅट घेतलेल्या माझ्यासारख्याला आपण फार मोठा तीर मारलाय असं वाटत होतं.

वास्तुशांतीला आई-वडील आले. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधून पाच-सहा मराठी बायका दोन बस बदलून आल्या. आईची त्यांच्यातल्या एकीशीही ओळख नव्हती, पण जेवणं होईपर्यंत त्या मैत्रिणी झाल्या होत्या आणि मग त्यांनी आईला नाव घ्यायचा आग्रह धरला. उखाणा म्हटलं की आई काढता पाय घ्यायची. लग्नात तिने कुठला तरी पाठ केलेला उखाणा इतका हळू पुटपुटला की शेजारी बसून आपल्यालासुद्धा ऐकू आला नाही, असं वडील नेहमी सांगत. त्या दिवशी मात्र तिने स्वतः रचलेला उखाणा घेतला आणि बायका हसून हसून बेजार झाल्या. वडील तेव्हा खाली जनरेटरवाल्याशी बोलायला गेले होते. माझी बायको स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. मी मात्र त्याच खोलीत होतो. ऑफिसचा फोन आला होता, म्हणून एका कानाला मोबाइल होता आणि दुसऱ्या कानात मी बोट घातलं होतं.

आठ महिन्यांनी आई पुण्यात गेली. काही दुखणं नाही, काही नाही, दुपारी पडली ती उठलीच नाही. दिवसवार झाल्यावर मी वडिलांना गाझियाबादला घेऊन आलो. आर. के. पुरमच्या त्या बायकांपैकी एकीचा समाचाराचा फोन आला, तो वडिलांनी घेतला. बोलता बोलता तिने सांगितलं की वहिनींनी काय सुंदर नाव घेतलं होतं तुमचं. वडिलांनी शब्द विचारले. ते काही तिला आठवेनात, बाकीच्या बायकांनाही आठवत नाहीत म्हणाली. पण तुमच्या मुलाने व्हिडिओ शूटिंग करून घेतलंय ना, त्यात असणारच, असं तिने सांगितलं.

फोन ठेवून वडिलांनी माझ्याकडे सीडी मागितली. आई गेल्यापासून त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

मी सीडी लावली. टीव्हीवर आमची वास्तुशांत सुरू झाली आणि तिच्यावर हिंदी सिनेमातली गाणी. होमाचा धूर, गाणं. गुरुजींचे हात, गाणं. आई बायकांच्या घोळक्यात लाजत उभी राहिली, तिचे ओठ हलले, आणि वर गाणंच. वडील टीव्हीला कान लावून बसले, मग माझ्याकडे बघायला लागले. मी ठणकावून सांगितलं की या टीव्हीत सगळे आवाज एकत्र होतात, बोलणं गाण्याखाली दबतं. होम थिएटर आणलं की सुटं होईल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मला होम थिएटर हवं होतं आणि आता कारण सापडलं होतं.

मॉलमधल्या दुकानदाराने माझ्या अज्ञानावर शिक्कामोर्तब केलं. अंधाऱ्या खोलीत त्याने आम्हाला बसवलं, बाजूचे स्पीकर बंद केले आणि टीव्हीखालच्या आडव्या स्पीकरवर हात ठेवला. म्हणाला, "सर, म्यूझिक साइड से, और बातचीत सारी यहाँ बीच से." वडिलांनी मान डोलावली. घरी येताना ते दोन वेळा म्हणाले, बातचीत मधून येते.

सुताराने भिंतीवर सुंदर कपाट केलं, तारा पट्टीखाली लपवल्या, आणि आम्ही सिनेमा लावला. पावसाचा आवाज चारही बाजूंनी आला. मोटारी मागून पुढे गेल्या. माणसं मात्र तोंडं हलवत होती आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. मधला स्पीकर मुका होता. मी चिडलो, दुकानदाराचा उद्धार केला. वडिलांचा चेहरा मात्र उजळला. टीव्हीत बोलणं गाण्याखाली दबत होतं, आता ते कुठे अडलंय हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. बातचीत मधून येते आणि मधला बंद आहे. तो चालू केला की ती बोलेल.

वडिलांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती, बंद पडलेल्या लाइनी शोधण्यात. दुकानाचा माणूस येतो येतो म्हणत आला नाही, तेव्हा त्यांनी काम हातात घेतलं. त्यांची एकच रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची, ठीक निघाली की वहीत लिहायची आणि तिच्याकडे परत वळून बघायचं नाही. मी ऑफिसातून येऊन तीन बटणं एकदम दाबायचो तेव्हा ते माझा हात धरत. डावीकडची चालू तार त्यांनी मधल्या स्पीकरला जोडली, तो बोलला. वहीत लिहिलं: मधला स्पीकर, ठीक. त्या यंत्रात प्रत्येक स्पीकरमधून क्रमाने खरखर सोडायची सोय होती, ती माझ्या बायकोने पुस्तिका वाचून शोधून काढली. रोज दुपारी ते दोघं ती खरखर ऐकत बसत. डावा, मग शांतता, मग उजवा. वडील त्या शांततेत हात वर करून थांबत.

वही भरत गेली. ॲम्प्लिफायर, ठीक. प्लेअर, ठीक. शेवटी उरली मधली तार. कपाटाची पट्टी उचकटल्यावर दिसलं की सुताराने खिळा बरोबर तारेवर मारला होता आणि आतला एक पदर तुटला होता. वडिलांनी स्वतः बाजारातून तार आणली, टोकं सोलली, पिळली, जोडली. खरखर डावीकडून मध्ये आली, मग उजवीकडे गेली. सिनेमातली माणसं बोलू लागली. वडील आत गेले आणि अंगातली मळकी बंडी काढून, धुतलेला शर्ट घालून आले. त्यांनी केस विंचरले होते. मला हसू आलं, आणि ते आलं याची आज लाज वाटते.

मी सीडी लावली. गाणं डावीकडून आलं, उजवीकडून आलं, आणि त्यांनी तीन आठवडे खपून जिवंत केलेल्या मधल्या स्पीकरमधूनही तेच गाणं आलं. आई लाजली, ओठ हलले, बायका हसल्या. वडिलांनी तो भाग सहा वेळा मागे नेला. मग वही उघडून त्यांनी यादीवरून पेन फिरवलं. म्हणाले, सगळं ठीक आहे, आता डिस्कच राहिली. स्टुडिओवाल्याकडे मूळ टेप असेल, तू जाऊन ये.

मी गेलो. फोटो स्टुडिओ आमच्याच मार्केटमध्ये होता. त्या टेपवर त्यानंतर तीन लग्नं शूट झाली होती. आवाज का काढला म्हणून मी त्याच्यावर डाफरलो, तर तो बिचारा थंडपणे म्हणाला, "साहब, आपने ही तो बोला था. बीच की बातचीत हटा दो, गाने डाल दो."

मी बोललो होतो. त्याच काउंटरवर उभा राहून बोललो होतो. सीडी ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावून दाखवायची होती. त्यांच्या घरच्या कार्यक्रमांच्या सीडीत कुणी बोलत नसे, नुसती गाणी वाजत. आमच्या सीडीत बायकांचा मराठी कलकलाट आणि आईचं मोडकंतोडकं हिंदी ऐकू आलं असतं. मला ते गावंढळ वाटलं. ते लोक आले, पनीर खाल्लं, सीडीची तारीफ केली. हे सगळं मी विसरलो होतो असं मी आजवर सांगत आलोय. पण वडिलांनी पहिल्यांदा सीडी मागितली तेव्हाच तो काउंटर माझ्या डोळ्यांसमोर आला होता, हेही खरं आहे. मग तीन आठवडे मी त्यांना तारा सोलू दिल्या.

घरी आलो तर ते दारातच उभे होते. मी बूट न काढता सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तू तिथेच होतास ना रे? एखादा शब्द तरी?"

मी म्हणालो, "मी फोनवर होतो, बाबा."

ते खुर्चीवर बसले, वही मांडीवर उघडली आणि तशीच मिटली.

त्यानंतर ते आवाज बंद करून ती सीडी बघायला लागले. तेवढाच भाग, पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, हे मुद्दाम चाललंय, माझ्यासाठी. एकदा मी वैतागून म्हणालोच की आता पुरे करा, त्यात काही नाही. त्यांनी टीव्ही बंद केला. पुढे मी घरी असताना त्यांनी ती सीडी कधी लावली नाही. मी ऑफिसला गेलो की लावतात, असं बायकोने सांगितलं. आमच्यात भांडण झालं नाही. पूर्वी आम्ही निदान राजकारणावर वाद घालायचो, तेही थांबलं.

चार वर्षांनी ते त्याच फ्लॅटमध्ये वारले. कपाट आवरताना ती वही मिळाली. पहिली काही पानं मला माहीत होती. पुढची नव्हती. सीडी मुकी करून ते आईचे ओठ वाचत होते. उखाण्याच्या शेवटी आपलं नाव येणार आणि त्याआधीची ओळ त्याच्याशी जुळणार, एवढं धरून ते एकेक शब्द तपासत होते. पानंच्या पानं शब्द, आणि प्रत्येकापुढे तारीख घालून लिहिलेलं: जुळत नाही. कुठे अख्खी ओळ रचलेली, मग खोडलेली.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, फक्त नाव, आई घ्यायची तसं, पुढे राव लावून. त्याच्यासमोर त्यांनी लिहिलं होतं: ठीक.